जपानी शिकताना धीर हवा

वस्तीतील एका मुलीने जपानीचा वर्ग लावला. दोन महिन्यांतच 'काका, मला नाही जमत' म्हणत ती वही घेऊन आमच्याकडे आली. आम्ही वही चाळली. हिरागानाची ४६ अक्षरे पाठ झाली होती. आता काताकानाची ४६ समोर होती आणि पुढे चिनी चिन्हांची कांजी! पोर बावरणारच.

पण वाक्य पाहा : 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', म्हणजे 'मी भात खाते'. क्रियापद मराठीसारखेच शेवटी. 'ओ' हा शब्दामागे लागणारा प्रत्यय. अक्षरांचा क्रमही अ, क, स, त, न असा ओळखीचा. बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे पोहोचलेल्या संस्कृत वर्णमालेची ती छाप.

पालकांनो, एक ध्यानात ठेवा. एन-५ ही पाच पायऱ्यांतली सर्वांत खालची परीक्षा. तिच्यात वाचणे व ऐकणे तपासतात, बोलणे नाही. म्हणून पास झालेले मूल बोलताना अडखळले तर 'फी पाण्यात गेली' म्हणू नका. लगेच नोकरीची आशाही धरू नका. रोज अर्धा तास मोठ्याने वाचू द्या.

त्या मुलीने वही पुन्हा उघडली आहे.