तलवारीची वेलांटी

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेने निघून चेलाडीच्या फाट्यावर वळले आणि नसरापूर-वेल्हे रस्त्यास लागले, की डोंगरांच्या आधी पाट्याच नजरेत भरू लागतात. राजगड आणि तोरणा पाहावयास येणाऱ्यांसाठी भोजनगृहे व निवासगृहे झाली आहेत. ती व्हावीत, त्यांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या अक्षरांविषयी. कोठे वेलांटीची तलवार झाली आहे, कोठे अनुस्वाराची ढाल. कोठे साध्या बालबोध अक्षरास ओढूनताणून बाक देऊन ते मोडी म्हणून मिरविले आहे. भोरातील उत्सवांच्या कमानींवरही हाच थाट. दोनदा वाचल्यावाचून नाव कळत नाही, असे एका पाटीच्या धन्यास आम्ही विनयाने सुचविले. तो हसून म्हणाला, "वाचायचे कशाला, साहेब? ऐतिहासिक दिसले म्हणजे झाले!"

हे उत्तर त्या एकट्याचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु फलक रंगविणारे, पत्रिका छापणारे, चित्रपटांच्या जाहिराती करणारे आणि त्या पाहून धन्य होणारे आपण सुशिक्षित, सारेच आज या मताचे झालो आहोत. या मताचे वकील युरोपचा दाखला देतात. तेथेही गॉथिक, म्हणजे ब्लॅकलेटर, वळणाची दाट काळी अक्षरे शोभेसाठी वापरतातच ना? 'न्यूयॉर्क टाइम्स'चे नाव आजही त्याच वळणात छापले जाते ना?

छापले जाते. परंतु दाखला द्यावयाचा तर पुरता द्यावा. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास बायबल छापले ते याच वळणाच्या खिळ्यांनी. आणि ते शोभेसाठी नव्हे, तर त्याच्या वाचकांस हस्तलिखितांतील तेच वळण वाचण्याची सवय होती म्हणून. जर्मनीत तर पुढे शतकानुशतके हे रोजच्या वाचनाचे अक्षर होते. हिटलरच्या राजवटीने प्रथम ते राष्ट्राचे भूषण म्हणून मिरविले आणि १९४१ च्या जानेवारीत, ते यहुदी अक्षर आहे असा धादांत खोटा आरोप ठेवून, त्याची हकालपट्टी केली. त्याच वर्षी शाळांतील जुने हस्ताक्षरही बंद झाले. आज तेथे खानावळींच्या पाट्यांवर आणि बिअरच्या बाटल्यांवर जुने वळण दिमाखाने झळकते. आणि आजोबांची पत्रे वाचून घेण्यासाठी नातवास जाणकार शोधावा लागतो. पाटीवर अक्षर उरले, घरातून वाचन गेले. हा दाखला कोणाच्या बाजूचा झाला?

आपली गत निराळी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्या शाळांतून मोडी शिकवीत असत. ती गेली, आणि तिच्या जागी तिचे सोंग आले. ते सोंगही अडाणी आहे. मोडी ही घाईची लिपी. आधी ओळ आखून घ्यावी आणि बोरू शक्यतो न उचलता अक्षरांमागून अक्षरे तिच्याखाली उतरवीत जावे, हा तिचा धर्म. तिचा बाक वेगातून आलेला आहे, नटण्यातून नव्हे. आणि मिरविण्याच्या जागी त्या काळचे लोक मोडी योजीत होते काय? शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर मोडीत असे. पण मुद्रा संस्कृतात आणि बालबोध अक्षरांत. जे चारचौघांनी पाहावयाचे ते स्वच्छ, आणि जे कारकुनाने भराभर लिहावयाचे ते मोडीत, हा विवेक त्यांस होता. रायगडापूर्वी जेथे राजधानी होती त्या राजगडाच्या पायथ्याशी, त्याच महाराजांच्या नावाने, आपण तो उलटा करून टांगला आहे.

भोरास तर हे मुळीच शोभत नाही. अष्टप्रधानांत सचिवाचे काम काय होते? राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करणे. ज्या पंत सचिवांचे संस्थान १९४८ पर्यंत येथे नांदले, त्यांच्या गावी न वाचता येणारी अक्षरे भूषण ठरावीत, याहून मोठा विनोद कोणता? याच भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथी नोंदलेली निघाली. आज १९ फेब्रुवारीस ज्या कमानी उभ्या राहतात, त्यांचा आधार हा एक जुना कागद आहे. तो कोणी मखरात मांडून ठेवला असता तर काय हाती आले असते? तो कोणास तरी वाचता आला, म्हणून तिथी हाती आली.

मग कलावंताने जुन्या लिपीस हातच लावू नये काय? अवश्य लावावा, पण आधी ती शिकावी. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास केला आणि मग मोडी व देवनागरी यांच्या मेळातून आपली मुक्तलिपी घडविली. तिच्यातील बाक कोठून आला हे त्यांस सांगता येते. तलवारीची वेलांटी काढणारास काय सांगता येईल?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. पाटीवर अक्षर लावावे ते वाटसरूस धावत्या गाडीतून वाचता येईल असे. मोडी लावावयाची हौस असेल तर ती खरी मोडी असावी, खाली बालबोधात तेच नाव असावे, आणि वर काय लिहिले आहे हे धन्यास वाचून दाखविता यावे. हिरडस मावळात, गुंजण मावळात, कानद खोऱ्यात ज्यांच्या माळ्यावर जुनी दप्तरे असतील, त्यांनी कमानीच्या खर्चातील चार पैसे घरातील एका मुलास मोडी शिकविण्यास घालावेत. पाटी दोन पावसाळ्यांत उडून जाईल. दप्तर मात्र वाट पाहत आहे, आणि वाळवीही.