किडे पडतील!

आपल्या मराठीत शिव्याशापांना तोटा नाही. पण "तुझ्या अंगात किडे पडतील" याच्याइतका दुष्ट शाप दुसरा नसेल. त्याहून वाईट म्हणजे तो आपण खरा मानतो. कुणाच्या जखमेत किडे निघाले की लगेच म्हणतो, "केलेलं भोगतोय!" माझे भांडण या वाक्याशी आहे.

माशीला पापपुण्य कळत नाही, तिला जखमेचा वास कळतो. क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला शंभर-दोनशे अंडी घालते. साधारण दिवसभरात अळ्या निघतात आणि मांसात शिरतात. बैलाच्या जखमेतही हेच किडे पडतात. तेव्हा बैलाचे पाप कुणी काढतो का?

माणसांत हे कुणाला होते? मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांना, लकव्याने अंथरुणाला खिळलेल्यांना, ज्यांची पट्टी बदलायला कुणी नाही अशांना. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून कर्ती माणसे ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत जातात. मागे म्हातारी माणसे उरतात. त्यांच्या पायाची जखम पाहणार कोण? आणि किडे दिसले तरी लोक पापी म्हणतील या भीतीने ती फडक्याखाली झाकली जाते. लाजेत दवडलेल्या प्रत्येक दिवशी अळी आणखी खोल जाते. कुणी फिनेल ओततो, कुणी पेट्रोल. त्याने उरलेले चांगले मांसही जळते.

खरा उपाय मुळीच गूढ नाही. दवाखान्यात टर्पेंटाइनचा बोळा ठेवून अळ्या वर आणतात, चिमट्याने एकेक काढतात, जखम धुऊन पट्टी बांधतात. पुढे रोजची पट्टी. बस्स.

वरोऱ्याच्या बाबा आमट्यांना गटारीजवळ तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला होता. त्याच्या अंगात किडे वळवळत होते. बाबा आधी घाबरून पळाले. पण मग परत गेले, त्याची सेवा केली. त्यातूनच पुढे १९४९ साली आनंदवन उभे राहिले. तुळशीरामाने काय पाप केले होते, हे त्यांनी विचारले नाही.

म्हणून सांगतो, किडे पडलेली जखम रोग्याच्या कर्माची साक्ष देत नाही. या माणसाकडे चार दिवस कुणी पाहिले नाही, एवढीच साक्ष ती देते. पाप शोधायचेच असेल तर ते शेजाऱ्यांत, नातलगांत, म्हणजे आपल्यात शोधावे. आणि तो शाप? तो तोंडातून कायमचा काढून टाकावा.