बदलीवर सही करणाऱ्याचीही चौकशी व्हावी



चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचाराची बातमी आली की चर्चा त्या एका धर्मगुरूभोवतीच फिरते. तो विकृत होता, पकडला गेला, शिक्षा झाली आणि विषय संपला. आधीच्या धर्मग्रामातून त्याला का हलवले आणि नव्या ठिकाणी कोणाच्या हुकमाने पाठवले, हे विचारायचे राहूनच जाते. तक्रार ठाऊक असताना ज्या वरिष्ठाने बदलीच्या कागदावर सही केली, त्याने स्वतः एक वेगळा गुन्हा केला आहे. त्याचा खटला देशाच्या कोर्टातच चालला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. माफीनाम्याने किंवा राजीनाम्याने त्याची फेड होत नाही.

अमेरिकेतील बोस्टनचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. फादर जॉन गेगन यांच्यावर 130हून अधिक जणांनी आरोप केले. 1984 साली आर्चबिशप झालेल्या बर्नार्ड लॉ यांना त्याच वर्षी एका बाईने पत्र लिहून गेगनबद्दल सावध केले होते. तिच्या नात्यातल्या सात मुलांना त्याने छळले होते. तरीही त्याच वर्षी गेगनला वेस्टन येथील नव्या धर्मग्रामात नेमण्यात आले. त्या नेमणुकीवर लॉ यांच्याच हाताखालचे साहाय्यक बिशप जॉन डार्सी यांनी डिसेंबरमध्ये लेखी हरकत घेतली, पण गेगन तिथेच राहिला. 1989 मध्ये त्याला उपचारासाठी पाठवले आणि पुन्हा त्याच मुलांमध्ये आणून सोडले. 1996 मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या सेवेचे कौतुक करणारे पत्र लॉ यांनी त्याला लिहिले. पीडित मुलांच्या आयांना असे सांत्वनाचे दोन शब्द लिहावेसे कोणाला वाटले असते, तरी मला त्या व्यवस्थेबद्दल थोडी आशा वाटली असती. 2002च्या जानेवारीत ‘बोस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने हे सारे छापले. कोर्टाच्या आदेशाने खुल्या झालेल्या फायलींतून हा व्यवहार बाहेर आला, त्यामुळे ही ऐकीव माहिती म्हणून झटकून टाकता येत नाही.

पुढे काय झाले? डिसेंबर 2002 मध्ये लॉ यांनी राजीनामा दिला. 2004 मध्ये रोममधील सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाचे प्रमुखपद त्यांना मिळाले. मधल्या काळात, जुलै 2003 मध्ये, मॅसॅच्युसेट्सचे ॲटर्नी जनरल टॉम राइली यांनी चौकशी अहवाल दिला. सहा दशकांत किमान 789 मुलांबाबत तक्रारी झाल्या होत्या. पण धर्मप्रांताच्या वरिष्ठांवर खटला भरता येत नाही, कारण त्या काळच्या कायद्यात तसे कलमच नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. धर्मगुरूंवर तक्रार कळवण्याची सक्ती त्या राज्यात 2002 साली आली.

यावर पहिला आक्षेप असा की, त्या काळी हा आजार समजला जात होता, डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणत, बिशपांना काय कळणार? काही जणांच्या बाबतीत हे खरे असेलही. परंतु 1985 मध्येच डॉमिनिकन धर्मगुरू थॉमस डॉयल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकन बिशपांसाठी सविस्तर इशाराअहवाल तयार केला होता. आयर्लंडमध्ये तर डब्लिनच्या धर्मप्रांताने 1987 साली अशा दाव्यांसाठी विमा उतरवून घेतला. तिथल्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मर्फी आयोगाच्या 2009च्या अहवालाने त्यावर नेमके बोट ठेवले आहे. नुकसानभरपाईची तजवीज करण्याइतके ज्यांना कळत होते, त्यांना पोलिसांकडे जाण्याइतके कळत नव्हते, हे कसे मानायचे?

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. यातून चर्चची बदनामी होते, शाळांत, घरांत, आश्रमांत असे घडत नाही का, असे विचारले जाते. घडते, आणि तिथल्या प्रमुखांनाही हाच न्याय लावला पाहिजे. जॉन जे कॉलेजच्या 2004च्या अभ्यासानुसार 1950 ते 2002 या काळात अमेरिकेतील सुमारे चार टक्के धर्मगुरूंवर आरोप झाले. बाकीच्यांवर झाले नाहीत. त्या प्रामाणिक फादरांकडे लोक आज संशयाने पाहतात, आणि हा संशय पत्रकारांपेक्षा सत्य दडवणाऱ्या वरिष्ठांनी अधिक पसरवला. डॉयल आणि डार्सी हेही चर्चचेच होते. पापनिवेदनात कळलेले उघड करता येत नाही, हा मुद्दाही इथे लागू पडत नाही. बोस्टनमध्ये माहिती आली ती नातेवाइकांच्या पत्रांतून आणि सहकाऱ्यांच्या हरकतींतून.

पोप फ्रान्सिस यांनी 2019 मध्ये बिशपांविरुद्धच्या तक्रारींसाठी नियम केले, हे स्वागतार्हच आहे. मात्र आरोपी, तपासणारा आणि निकाल देणारा एकाच संस्थेतले असतील, तर निकालावर भरवसा कोण ठेवणार? अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे बिशप रॉबर्ट फिन यांना एका धर्मगुरूचा संशयित गुन्हा न कळवल्याबद्दल कोर्टाने 2012 मध्ये दोषी ठरवले. ते पदावर राहिले एप्रिल 2015पर्यंत.

भारतात कलम नसल्याची सबब चालणार नाही. 2012च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. धर्मगुरूंना यातून सूट नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21(2) खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. न कळवल्याबद्दलचा तो एफआयआर एका डॉक्टरवर होता; तोच नियम बिशपांनाही लागू होतो.

पोलिसांना विनंती आहे की अशा प्रत्येक तपासात ‘वरिष्ठांना केव्हा कळले आणि त्यांनी काय केले’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर आरोपपत्राला जोडावे. चर्चच्या सामान्य सभासदांनीही आपल्या बिशपांना तोच प्रश्न विचारावा. तो विचारल्याने कोणाची श्रद्धा उणी होत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक