"आपा, मला धरतील का?"

मागच्या ईदला शिरखुर्मा घ्यायला आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी निघताना दारात थांबली. "आपा, एक विचारू? रात्री कुणाला काही झालं, तर मला धरतील का?"

बारावीला इंग्रजीत अडकलेली पोरगी. घरी कमावणारं कुणी नाही, म्हणून एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. कोणत्या, ते लिहीत नाही. लिहिलं तर तिची नोकरी जाईल आणि तसलेच बाकीचे दवाखाने बिनघोर चालू राहतील. पहिले काही दिवस तिनं केसपेपर काढले. मग आधीच्या मुलीनं शीर कशी शोधायची ते दाखवलं. आता रात्रपाळीला ती एकटी असते. डॉक्टर घरी, खाली आठ-दहा पेशंट. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, बीपी बघणं आणि डॉक्टरांना उठवायचं की नाही हे ठरवणं, सगळं तिच्याकडे. लोक तिला 'सिस्टर' म्हणतात. एएनएमचा दोन वर्षांचा कोर्स तिनं केलेला नाही, जीएनएमचा तीन वर्षांचा नाही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही.

"नाही गं, तुला कोण धरतंय," असं म्हणून तिला वाटेला लावता आलं असतं. मला ते जमलं नाही, कारण आपल्याच जिल्ह्यात काय झालं ते आठवत होतं.

6 नोव्हेंबर 2021, भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडी नगरच.) त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात 10 बाळं गेली होती. तेव्हा राज्यभरातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी नगर जळालं. वरच्या अधिकाऱ्यांचं निलंबन झालं, आणि पहिल्या अटका झाल्या त्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आणि तीन परिचारिकांच्या. भंडाऱ्यातही नंतर परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. वायरिंग परिचारिका करत नाहीत, आग विझवण्याच्या यंत्रणेचा निधीही त्या मंजूर करत नाहीत. पण त्या पलंगाजवळ उभ्या असतात, म्हणून पोलिसांना त्या आधी सापडतात.

त्या तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या, सरकारी नोकरीतल्या बायका होत्या. त्यांच्यासाठी संघटना रस्त्यावर उतरल्या. माझ्या विद्यार्थिनीसाठी कोण उतरणार? हजेरीपटावर तरी तिचं नाव आहे का, कोण जाणे.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा आहे, म्हणजे आपल्या संविधानापेक्षाही जुना. खासगी दवाखान्यात पेशंट ठेवायचे तर नोंदणी हवी. पात्र परिचारिका योग्य प्रमाणात नसतील तर ती नोंदणी नाकारता येते. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं, आणि अधिकाऱ्याला आत येऊन तपासणी करता येते. 2021 मध्ये नवे नियम आले, त्यात रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक भिंतीवर लावणं बंधनकारक झालं. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा मात्र महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही, आमचा आहे तोच पुरे म्हणून. आणि हा आमचा कायदा सरकारी रुग्णालयांना लागूच होत नाही. दुसऱ्याचा दवाखाना तपासायचा अधिकार सरकारकडे, सरकारचा दवाखाना तपासायला कायद्यानं बांधलेलं बाहेरचं कुणी नाही.

मागे अम्मीला पाच दिवस एका ठिकाणी ठेवलं होतं. त्या पाच दिवसांत मी भिंती वाचून काढल्या, शिक्षकाची खोड. औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, गणपती होते, एका कोपऱ्यात काबाशरीफची तसबीरही होती. नोंदणीचं प्रमाणपत्र नव्हतं. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, तपासणीच्या दिवशी लावतो." लपवाछपवी नाही, लाज नाही, अगदी सहज. तपासणी कधी येणार हे त्यांना आधी कळतं, हे त्या एका वाक्यात आलं. आमच्याकडेही शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी तक्ते बाहेर निघतात, म्हणून मला त्या वाक्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. पण तक्ता नाही लावला म्हणून मूल मरत नाही.

डॉक्टर मंडळींचं म्हणणं मला माहीत आहे. नियम कडक केले तर लहान दवाखाने बंद पडतील आणि खर्ड्याच्या माणसाला बाळंतपणासाठीसुद्धा जामखेड, बार्शी नाहीतर नगर गाठावं लागेल. यात तथ्य आहे. शिकलेली नर्स खेड्यात यायला तयार नसते, आली तर त्या पगारात टिकत नाही. पण मग बिलात 'नर्सिंग चार्जेस' अशी ओळ कशी असते? जे दिलंच नाही त्याचे पैसे कशाचे?

आणि कमी शिकलेल्या बाईकडून आरोग्याचं काम होत नाही, असंही मी म्हणणार नाही. आमच्या तालुक्यात राहून ते म्हणता येत नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी गावाची आरोग्यसेविका केलं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं, जगभरची माणसं जामखेड बघायला आली. पण त्या बायका नेमानं जामखेडला येऊन शिकायच्या, अडलं तर विचारायच्या, आणि कुठला पेशंट आपल्या हातचा नाही हे त्यांना नीट शिकवलेलं असायचं. आजचे दवाखाने त्यातली कमी शिकलेली बाई तेवढी घेतात. शिकवणं आणि पाठीशी उभं राहणं सोडून देतात.

आता थोडं आपल्या लोकांविषयी. माणूस गेला की आपण म्हणतो, अल्लाहची मर्जी. मय्यत उचलतो, तिसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरला सलाम करतो. तक्रार करायची म्हटलं की, "जाने दो, अपनेच आदमी का दवाखाना है." उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचं, ही हदीस आपण बयानात ऐकतो आणि चप्पल घालताना विसरतो. इ.स. 931 मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीनं माणूस दगावला, तर खलिफा मुक्तदिरनं सिनान इब्न साबितला शहरातल्या वैद्यांची परीक्षा घ्यायला लावली. त्यांची संख्या आठशेच्या वर होती. मर्जीवर सोडून ते गप्प बसले नाहीत. रुग्णसेवेसाठी आपण रुफैदा अल-अस्लमियांचं नाव अभिमानानं घेतो, आणि आपल्याच पोरींना न शिकवता, तुटपुंज्या पगारावर, दहा माणसांच्या जिवाशी रात्रभर एकटं बसवतो.

मागणं फार मोठं नाही. न सांगता येणारी तपासणी हवी, आणि तीही रात्री, कारण दिवसा सगळे हजर असतात. कोणत्या पाळीला कोणती नर्स आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, याची यादी दरपत्रकाशेजारी लागावी. तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर यावा. तपासणाऱ्यानं 'सर्व ठीक' लिहिलं आणि पुढे ते ठीक नव्हतं असं निघालं, तर गुन्ह्यात त्याचंही नाव यावं. तोवर माहिती अधिकाराचा अर्ज आपण करू शकतो. जुम्याच्या नमाजानंतर चार जणांनी बसून लिहिला तरी अर्ध्या तासाचं काम आहे.

त्या दिवशी पोरीला मी खरं तेच सांगितलं. धरतील. तुला आधी धरतील. राहिलेला इंग्रजीचा पेपर काढ, मी शिकवते, मग एएनएमला जा, फीचं बघू काहीतरी. आणि उद्यापासून एकटीनं रात्रपाळी करू नकोस.

तिनं सगळं ऐकून घेतलं, डबा पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "मग आज रात्री त्या पेशंटजवळ कोण थांबणार, आपा?"