माळवद गेले, स्लॅबचे काय?

खर्डा म्हटले की १७९५ ची मराठे-निजाम लढाई आणि निंबाळकरांचा किल्ला आठवतो. पण जामखेड तालुक्यातील या गावापुढचा आजचा प्रश्न किल्ल्याच्या तटाचा नसून सामान्य माणसाच्या डोक्यावरील छपराचा आहे. दगडमातीच्या भिंती व त्यांवर मातीचे जाड थर दिलेले माळवद ही या मुलखाची जुनी रीत. उन्हाळ्यात ती गारवा देते. भूकंपात ती काय करते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसराने पाहिले. त्या ढिगाऱ्यांखाली सुमारे आठ हजार माणसे गेली.

तेव्हापासून ऐपत असलेला प्रत्येकजण स्लॅबच्या मागे आहे, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु खेड्यातला स्लॅब पडतो कसा? सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने आणायच्या, घमेल्यांची रांग लावायची, सिमेंटमध्ये पाणी मिस्त्रीच्या अंदाजाने घालायचे आणि एका दिवसात काम उरकायचे. पुढे निदान सात दिवस आळी करून पाणी धरायचे. जिथे प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे तिसऱ्या दिवशी ती आळी कोरडी पडली तर दोष कोणाला द्यावा?

येथेच आधी ओतून तयार केलेल्या स्लॅबचा विचार करावासा वाटतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काँक्रीटच्या लहान तुळया आणि त्यांवर बसणाऱ्या फळ्या फार पूर्वी विकसित केल्या; १९९४ साली त्यांची भारतीय मानकेही ठरली. फळी दोन माणसांना उचलता येते, यारी लागत नाही. वाड्यांतला कडीपाट ज्याने पाहिला आहे, त्याला ही रचना नवखी वाटू नये. लाकडाच्या जागी काँक्रीट आले एवढेच. फळ्या विहिरीजवळ ओतून हौदात भिजविता येतात, तेच पाणी पुन्हा वापरता येते, आणि सेंट्रिंगचा बराच खर्च वाचतो. अवर्षणप्रवण तालुक्याला याहून सोयीचे काय असणार?

मात्र येथे एक ‘परंतु’ आहे, आणि तो जिवाशी खेळणारा आहे. एकसंध ओतलेला स्लॅब भिंतींना धरून ठेवतो. सुट्या फळ्या नुसत्या टेकविल्या तर कोणालाच धरीत नाहीत. चीनच्या सिच्वान प्रांतात २००८ च्या मे महिन्यात विटांच्या भिंतींवर केवळ टेकविलेल्या पोकळ तयार पट्ट्या भूकंपात निसटल्या आणि शाळांच्या खोल्याच्या खोल्या दडपल्या. म्हणून फळ्यांवर सळ्यांसह काँक्रीटचा थर हवा, तुळयांतून वर आलेल्या सळ्या त्यात गुंतलेल्या हव्यात आणि छताखाली भिंतीभोवती काँक्रीटचा सलग पट्टा हवा. एवढे न करता तयार स्लॅब बसविणे म्हणजे माळवदाचेच संकट सिमेंटच्या वेषात परत आणणे होय.

दुर्दैव असे की, हा पट्टा आणि या सळ्या गिलावा झाल्यावर दिसत नाहीत. पंतप्रधान आवास योजनेत, सपाट प्रदेशातील ग्रामीण घरासाठी, केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाते. ते उभ्या भिंतीचे असते. वरचा थर ओतण्यापूर्वी उघड्या सळ्यांचे छायाचित्र सक्तीचे करावे, अभियंत्याने ते पाहिल्याखेरीज पुढचा हप्ता सोडू नये, आणि फळ्या ओतण्याचे निदान एक केंद्र तालुक्याच्या ठिकाणी काढून तेथे गवंड्यांना शिकवावे. याला नवा कायदा लागत नाही.