जपानमध्ये करी शोधताना: पाटी इंडियन, आचारी नेपाळी आणि सवाल हलालचा

जपानला जाणाऱ्या भारतीयांची संख्या झपाट्याने वाढतेय. एकट्या २०२४ साली सुमारे २ लाख ३३ हजार भारतीय तिथे जाऊन आले. येन घसरल्यामुळे जी सफर एके काळी श्रीमंतांची समजली जायची, ती आता नोकरदार घरांच्याही आवाक्यात येऊ लागली आहे. आपल्या समाजातली कुटुंबंही उमरा, दुबई आणि मलेशियाच्या पलीकडे बघायला लागलीत. कुणाचा मुलगा तिकडे आयटीत आहे, कुणाची मुलगी शिकायला गेलीय. तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं जमतं. मग घरातल्या थोरांचा पहिला सवाल येतो: तिथे खायचं काय?

उत्तर ठरलेलं असतं. "इंडियन करीची दुकानं गल्लोगल्ली आहेत, फिकीर नको." हे अर्धंच खरं आहे. दुकानं खरोखर गल्लोगल्ली आहेत. पण त्यातली बहुतेक भारतीयांची नाहीत आणि सगळी हलालही नाहीत. शिवाय जपान सरकारच्या नव्या नियमामुळे पुढच्या काही वर्षांत त्यातली किती उरतील, हाही सवाल आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकत्रच बघायला हव्यात.

करी दोन प्रकारची

आधी एक फरक लक्षात घेऊ. जपानी लोक ज्याला ‘करी राइस’ म्हणतात ती आपली करी नव्हे. मेजी काळात ती इंग्रजांमार्फत तिथे पोहोचली, सैन्यात आणि नौदलात रुजली, आणि पुढे घराघरातला पदार्थ झाली. मैद्याने दाट केलेली, गोडसर. तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या तयार वड्यांमध्ये गाईची किंवा डुकराची चरबी असणं सर्रास आहे. त्यामुळे ‘व्हेज करी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नये. वरून बटाटा-गाजर दिसलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो.

आपल्या पद्धतीची करी तिथे पोहोचली ती आझादीच्या लढ्याबरोबर. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांपासून निसटून जपानला गेले. टोकियोच्या शिंजुकु भागातल्या नाकामुराया या बेकरीवाल्या कुटुंबाने त्यांना आसरा दिला, त्याच घरात त्यांचं लग्न झालं. १९२७ मध्ये नाकामुरायाने बोस यांच्या पद्धतीची कोंबडीची करी विकायला सुरुवात केली, ती आजही मिळते. १९४९ मध्ये केरळचे ए. एम. नायर यांनी गिन्झा भागात आपलं रेस्टॉरंट काढलं, तेही चालू आहे. ही नावं इतिहासात मानाची आहेत. पण इतिहास मोठा म्हणून ताट हलाल ठरत नाही. ते वेगळं विचारावंच लागतं.

पाटी कुणाची, हात कुणाचे

आज जपानच्या कुठल्याही मध्यम शहरात स्टेशनाबाहेर जे ‘इंडियन’ रेस्टॉरंट दिसतं, तिथे बहुतेकदा पाटीवर भारत आणि नेपाळ असे दोन झेंडे असतात. जपानी लोकांनी अशा दुकानांना ‘इन-नेपा’ असं टोपणनावच दिलंय. देशभरात ती चार-पाच हजारांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. जपानी पत्रकार हिरोकाझु मुरोहाशी यांनी २०२४ मध्ये यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. यातले कितीतरी आचारी आणि मालक नेपाळच्या एकाच बागलुंग जिल्ह्यातले आहेत.

हे घडलं कसं? नेपाळी पोरं आधी दिल्ली-मुंबईच्या हॉटेलांत भांडी घासत, तंदूर सांभाळत कारागीर झाली. तिथून भारतीय मालकांनी त्यांना जपानला नेलं. परदेशी जेवणाच्या आचाऱ्याला जपानमध्ये कामाचा व्हिसा हवा असेल तर साधारण दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे हे नवशिके नव्हते. पुढे त्यांनी पैसे साठवून स्वतःची दुकानं टाकली, भाऊ-भाच्यांना बोलावलं. भाऊ-भाच्यांनी आणखी दुकानं टाकली. जुन्या मालकाकडे जे चालत होतं, तेच मेनूकार्ड नव्या दुकानात आलं. म्हणून होक्काइदोपासून क्यूशूपर्यंत तेच गोड बटर चिकन, तोच ताटाबाहेर लोंबणारा नान आणि तोच चीज नान भेटतो. हे जेवण जपानी जिभेसाठी घडवलेलं आहे. त्यात फसवणूक नाही, धंद्याचं शहाणपण आहे.

हलालचा सवाल

जपानमध्ये हलालचा सरकारी कायदा किंवा एकच राष्ट्रीय शिक्का नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था खासगी आहेत, त्यांचे निकष वेगवेगळे आहेत. ‘मुस्लिम फ्रेंडली’ या शब्दाचा अर्थ तर दुकानागणिक बदलतो. कुठे फक्त डुकराचं मांस नाही एवढाच, कुठे मांस हलाल पण शेजारी बिअर विकली जाते, कुठे पूर्ण स्वयंपाकघर वेगळं. कोण कुठपर्यंत चालवून घेतो हे ज्याने-त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. आमचं म्हणणं एवढंच, की काचेवरचा स्टिकर बघून सवाल संपत नाही.

सुदैवाने विचारणं अवघड नाही. नेपाळी आचाऱ्यांना हिंदी येते, आणि आपली हिंदी-उर्दू त्यांना व्यवस्थित समजते. जपानी हॉटेलात जे अर्धा तास मोबाइलवर भाषांतर करून कळत नाही, ते इथे दोन मिनिटांत कळतं. चार गोष्टी विचाराव्यात. चिकन-मटण हलाल दुकानातून येतं की साध्या सुपरमार्केटमधून? मेनूत डुकराच्या मांसाचे मोमो किंवा दुसरं काही आहे का? असेल तर तळायची कढई एकच आहे का? आणि रश्शात मिरिन किंवा साके पडते का? मिरिन ही तांदळाची गोड दारू, जपानी स्वयंपाकात ती आपल्या गुळासारखी सहज वापरली जाते. भारतीय पद्धतीच्या रश्शात तिचं काही काम नाही, पण जपानी पदार्थही ठेवणाऱ्या दुकानात विचारलेलं बरं. पाकीट दाखवा म्हटलं तर प्रामाणिक माणूस फ्रीज उघडून दाखवतो. तिथे हलाल चिकन बऱ्याचदा ब्राझीलमधून गोठवून आलेलं असतं, पाकिटावर शिक्का असतो.

कुठे जावं, काय मागवावं

टोकियोत शिन-ओकुबो स्टेशनाजवळच्या गल्लीला लोक ‘इस्लाम योकोचो’ म्हणजे इस्लाम गल्ली म्हणतात. हलाल मांस, मसाले, डाळी, बिर्याणी सगळं तिथे मिळतं. ओकाचिमाची भागात भारतीय हिरे-जवाहिरवाल्यांमुळे पूर्ण शाकाहारी रेस्टॉरंट उभी राहिली. मांसाची शंकाच नको असेल त्यांना ती सोयीची, आणि मशीदही जवळच आहे. निशी-कासाई तर टोकियोतली भारतीय वस्ती. तिथल्या एदोगावा प्रभागात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसेवक म्हणून निवडून आला होता. टोकियोच्या उत्तरेला याशिओमध्ये जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या पाकिस्तान्यांमुळे कढई गोश्तची दुकानं आली, लोक गमतीने त्या गावाला ‘याशिओस्तान’ म्हणतात. कोबेत १९३५ ची मशीद आहे, जपानमधली पहिली. तिच्या बांधकामात भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांच्या देणग्यांचा मोठा वाटा होता. तिच्या आसपासही हलाल दुकानं आहेत. अनोळखी शहरात हाच नियम लागू पडतो: आधी मशीद शोधावी. नमाजला येणाऱ्या माणसांना विश्वासाचं दुकान ठाऊक असतं.

चवीचं म्हणाल, तर नेपाळी दुकानात नानच्या मागे न लागता "घरवाला दाल-भात मिलेगा?" असं विचारून बघावं. आचारी स्वतः जे जेवतो ते बऱ्याचदा मेनूकार्डावरच्या करीपेक्षा सरस निघतं. नेपाळी पदार्थांचं वेगळं पान असेल, चिकट जपानी भाताऐवजी बासमती मिळत असेल, गिऱ्हाइकांत आपल्याकडचे चेहरे दिसत असतील, तर दुकान चांगलं समजावं. दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी हजार येनच्या आसपास होतं, म्हणजे साडेपाचशे-सहाशे रुपये. मात्र दुपारी तीन ते पाच बरीच दुकानं बंद असतात. लहान मुलं बरोबर असतील तर हे आधीच बघून ठेवावं.

तीन कोटींची भिंत

आता मुख्य बातमी. परदेशी माणसाला जपानमध्ये स्वतःचा धंदा चालवायचा तर ‘व्यवसाय व्यवस्थापक’ व्हिसा लागतो. त्यासाठी ५० लाख येन भांडवल पुरत होतं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ती अट एकदम ३ कोटी येन झाली, म्हणजे सहापट. आजच्या भावाने ढोबळमानाने पावणेदोन कोटी रुपये. शिवाय जपानी किंवा कायम वास्तव्याचा हक्क असलेला एक पूर्णवेळ कर्मचारी हवा, जपानी भाषा चांगली जाणणारं कुणीतरी हवं, मालकाची पदव्युत्तर पदवी किंवा धंदा चालवण्याचा अनुभव हवा. आधीपासून असलेल्यांना १६ ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे.

सरकार म्हणतं की कागदी कंपन्या काढून जपानमध्ये शिरणाऱ्यांना आळा घालायचाय. गैरवापर होत होता हे खरं. पण कागदी कंपनीवाल्याकडे पैसा असू शकतो. हजार येनचं ताट विकणाऱ्या, बायकोला गल्ल्यावर बसवणाऱ्या आचाऱ्याकडे ३ कोटी येन कुठून येणार? चाळणी गैरवापरासाठी लावली, पण तिच्यात आधी अडकणार तो गरीब दुकानदार.

यामागची हवाही समजून घ्यायला हवी. जुलै २०२५ च्या निवडणुकीत ‘जपानी फर्स्ट’ म्हणणाऱ्या सान्सेइतो पक्षाने मोठी मुसंडी मारली. त्याच सप्टेंबरात किताक्यूशू शहरात अफवा उठली, की मुस्लिम मुलांसाठी शाळेच्या जेवणातून डुकराचं मांस काढलं. प्रत्यक्षात ते जेवण ॲलर्जी असलेल्या मुलांनाही सगळ्यांबरोबर बसून खाता यावं म्हणून केलेलं होतं. तरी तक्रारींचा पाऊस पडला आणि शिक्षण मंडळाला खुलासा करावा लागला. मुलांना एका पंगतीला बसवण्याची साधी गोष्ट संशयाची झाली. शाळेत शिकवणाऱ्या आम्हाला ही बातमी वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही.

यात आपलं काय?

अशी छोटी दुकानं मिटली तर चकचकीत, महागडी हलाल रेस्टॉरंट टिकतील, कारण पर्यटकांचा पैसा जपानला हवाच आहे. अडचण होईल ती शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाची, कारखान्यात राबणाऱ्या कामगाराची आणि बजेट मोजून निघालेल्या कुटुंबाची.

म्हणून जपानला गेलात तर छोट्या दुकानात जेवा. सवाल जरूर विचारा, पण दरोगा होऊन नाही, पाहुणा होऊन. "हलाल नाही" असं कुणी खरं सांगितलं तर शुक्रिया म्हणून डाळ मागवा. ज्याने खोटं बोलून गिऱ्हाईक राखलं नाही, त्याची आपण कदर करायला हवी. आणि दुकान चांगलं असेल तर पाटीवर ‘इंडियन’ लिहिलंय म्हणून नुसतं भारताचं कौतुक करून थांबू नका. ज्या नेपाळी हातांनी आपलं नाव तिथे चालवलं, त्यांचाही हिस्सा सांगा. हलाल रिझ्कची गोष्ट फक्त मांसापुरती नसते, ज्याने ते मेहनतीने शिजवलं त्याच्या हक्काचीही असते.