११० अँपिअर, पण कुठे?

वसईची खाडी ओलांडली की वीज महावितरणची. भारनियमनाची वर्षं ज्यांनी विरार-नालासोपाऱ्यात काढली, त्यांना इन्व्हर्टर म्हणजे काय हे सांगायला नको. त्या डब्यात बॅटरीचा करंट चालू-बंद करायचं काम अंगठ्याच्या नखाएवढे, तीन पायांचे मॉस्फेट करतात. इन्व्हर्टर जळाला म्हणजे बहुतेक वेळा हेच जळालेले असतात.

यातला एक जुना, लोकप्रिय तुकडा म्हणजे आयआरएफ ३२०५. मूळ कंपनी इंटरनॅशनल रेक्टिफायर, जी २०१५ मध्ये इन्फिनिऑनने घेतली. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ठळक आकडा: ११० अँपिअर. आता गंमत बघा. आकड्याच्या डोक्यावर एक छोटीशी खूण आहे, तिची तळटीप शोधलीत तर कळतं की ११० हा गणिताने काढलेला आकडा आहे. प्रत्यक्षात त्या पॅकेजची मर्यादा ७५ अँपिअर. म्हणजे पहिल्या पानाला त्याच कागदातली तळटीप खोटं पाडते! तक्त्यात १०० अंशांसाठीही आकडा दिलाय: ८०. तोसुद्धा ७५ च्या वरच.

बरं, ११० तरी कधी? तर तुकड्याची धातूची पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तर. आतून २०० वॉट उष्णता निघतेय आणि पाठ मात्र थंडगार. वसईत मे महिन्यात पंख्याखाली बसलेल्या माणसाची पाठ २५ अंशांना राहत नाही, तर बंद डब्यातल्या मॉस्फेटची काय राहणार?

साधा हिशोब करू. हीटसिंक नसेल तर हा तुकडा दर वॉटमागे ६२ अंशांनी तापतो. डब्यात ४० अंश धरा, आतल्या सिलिकॉनची कमाल मर्यादा १७५. मधे उरले १३५ अंश, म्हणजे जेमतेम सव्वादोन वॉट. रोध ८ मिलिओहम लिहिलाय, पण तोही २५ अंशांचाच. तापल्यावर दुपटीच्या वर जातो. दुप्पटच धरला तरी करंट येतो ११-१२ अँपिअर. हीटसिंक लावला की आकडा वाढतो हे खरं, पण मग हीटसिंक केवढा आणि डब्याला हवा कुठून, हे प्रश्न आले. पहिलं पान त्याबद्दल गप्प.

नालासोपाऱ्यात इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका काकांना मी विचारलं, कागदावर दोन पुरतात, मग तुम्ही आठ का लावता? ते म्हणाले, "कागद एसीत बसून लिहितात रे." असो.

"इंजिनिअरने तळटीप वाचायला नको का?" हे मला ऑफिसात नेहमी ऐकवलं जातं. वाचावी की. पण वालीव-सातिवलीच्या गाळ्यात दहा बाय बाराच्या जागेत बोर्ड जोडणाऱ्याकडे ना चाचणीची सोय, ना वेळ. आणि आपण तरी काय करतो? सुटे भाग विकणाऱ्या वेबसाइटवर करंटचा रकाना असतो तो २५ अंशांचाच, त्यावर सॉर्ट मारतो आणि वरचा उचलतो. जी कंपनी प्रामाणिकपणे ७५ लिहील ती यादीत खाली जाणार. मग लिहील कोण?

आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना बेंचमार्कचा खेळ माहीत आहे. पेन्टियम ४ च्या बेंचमार्कवरून अमेरिकेत खटला चालला, आणि २०१४ मध्ये इंटेलने आरोप अमान्य करत का होईना, ग्राहकांना १५-१५ डॉलर द्यायची तयारी दाखवली. मॉस्फेटच्या बाबतीत तेवढंही होणार नाही, कारण तळटीप दिलेली आहे ना! भुर्दंड पडतो तो तिसऱ्यांदा बोर्ड बदलून घेणाऱ्या घराला, आणि त्या घरात डेटाशीट कोणी पाहिलेलंही नसतं.

माझं मागणं फार नाही. पहिल्या पानावर पॅकेजची मर्यादा छापा आणि शेजारी हीटसिंकशिवायचा आकडा छापा. ११० हवाच असेल तर तो जाऊ द्या तळटिपेत.